‘द बिग कंट्री’ पहिल्यांदा बघताना: प्रत निवडण्यापासून पांढऱ्या खिंडीपर्यंत

दोन घराणी, मध्ये एक नदी आणि दोघांच्याही गुरांना पाणी त्याच नदीचं. एवढ्याशा भांडवलावर विल्यम वायलरने १९५८ साली पावणेतीन तासांचा वेस्टर्न उभा केला. ग्रेगरी पेक त्यात नायक आहे आणि वायलरच्या जोडीने निर्माताही. पेक–वायलर ही ‘रोमन हॉलिडे’ची जोडी. इथे मात्र रोमच्या गल्ल्यांऐवजी नजर पोचेल तिथवर गवत आहे.

हा चित्रपट नवख्या प्रेक्षकाच्या हातून सहज निसटतो. कुणी मोबाइलवर बघतो, कुणाला कडा कापलेली प्रत मिळते, कुणी दर दहा मिनिटांनी गोळीबार होईल म्हणून वाट बघत बसतो. मग पाऊण तासात निकाल लागतो: ‘हिरो भित्रा आहे आणि सिनेमा संथ आहे.’ खरं तर चित्रपट उघडायला एकच किल्ली पुरते. कुठलाही प्रसंग सुरू झाला की स्वतःला विचारायचं, ‘हे कोण बघतंय?’ नायक जिम मकेला लोकांसमोर मर्दानगी सिद्ध करायची नाही. त्याला जे करायचं ते तो बघणारं कुणी नसताना करतो. बाकी सगळे, दोन्ही घराण्यांचे म्हातारे धरून, बघणाऱ्यांसाठी जगतात. खालच्या सगळ्या सूचना, अगदी टीव्हीच्या सेटिंगच्यासुद्धा, या किल्लीला धरून आहेत. शेवटचा निकाल कुठेही सांगितलेला नाही. मधले प्रसंग मात्र सांगावे लागले आहेत.

पायरी १: प्रत नीट बघून घ्या

शोधताना नावापुढे ‘१९५८’ आणि ‘वायलर’ हे दोन शब्द टाका. नुसतं नाव टाकलंत तर त्याच नावाच्या स्कॉटिश रॉक बँडची गाणीच आधी समोर येतील.

प्रत सापडली की दोन गोष्टी तपासायच्या. पहिली लांबी. पूर्ण चित्रपट १६६ मिनिटांच्या आसपास आहे. डीव्हीडीवर १५९ मिनिटं दिसली तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. भारतात आणि युरोपात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींच्या वेगाने पळतो, म्हणून चार टक्के वेळ वाचतो. संगीत किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतं, एवढाच फरक. दीडशेच्या खाली आकडा असेल तर मात्र कात्री लागली आहे, ती प्रत सोडून द्या.

दुसरी गोष्ट रुंदी. चित्रीकरण टेक्निरामा पद्धतीचं आहे. या पद्धतीत फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते, त्यामुळे एका चौकटीला नेहमीपेक्षा दुप्पट जागा मिळते. म्हणूनच मैलभर लांबचा घोडेस्वारही चित्रात स्पष्ट राहतो. पडद्यावरचं चित्र उंचीच्या २.३५ पट रुंद. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेल्या प्रतीत यातलं ४३ टक्के चित्र गेलेलं असतं, आणि आजचा टीव्ही भरून टाकणाऱ्या प्रतीत साधारण चौथा हिस्सा. वायलर बघे लोक नेमके चौकटीच्या कडांना उभे करतो. कडा गेल्या की बघे गेले, आणि बघे गेले की प्रसंगाचा अर्थच गेला.

तपासायचं कसं? वर-खाली काळ्या पट्ट्या हव्यातच. ४३ इंची टीव्हीवर चित्राची रुंदी ९५ सेंटिमीटर आणि उंची ४० सेंटिमीटरच्या जरा वर भरते. वरची आणि खालची पट्टी प्रत्येकी साधारण साडेसहा सेंटिमीटर. पट्ट्या आहेत पण माणसं उभट, ताणल्यासारखी दिसत आहेत? मग दोष प्रतीचा किंवा टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’चा आहे. घोडागाडीचं चाक समोरून दिसेल अशा जागी चित्र थांबवा. चाक गोल दिसलं तर सगळं ठीक. आणि चाकं तर श्रेयनामावलीतच भरपूर आहेत.

पायरी २: टीव्ही आणि आवाज

चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. ती प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असते, पण नावात बहुतेकदा ‘मोशन’ असतंच. ती चालू राहिली तर दौडणारे घोडे मालिकेतल्यासारखे दिसतात आणि क्षितिजाच्या कडेला धूसर वलय येतं. झूम बंद. ४३ इंची टीव्हीपासून दीड मीटरवर बसा, ५५ इंची असेल तर दोन मीटरच्या आत. हे नेहमीपेक्षा जवळ वाटेल, पण चालेल.

मोबाइलवर बघू नका, असं सरळच सांगतो. साडेसहा इंची फोनवर हे चित्र जेमतेम १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा सेंटिमीटर उंच होतं. मारामारीच्या प्रसंगात माणसं मोठ्या पडद्यावरच मुंगीएवढी केली आहेत, फोनवर ती दिसणारच नाहीत.

आवाज सुरुवातीच्या संगीतावर लावू नका. जेरोम मोरॉसचं शीर्षकसंगीत जोरकस आहे. त्याला बेताचा आवाज ठेवलात तर पुढचे संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतील. आधी पाचएक मिनिटं पुढे जाऊन एखादा संवाद लावा, त्यावर आवाज ठरवा, मग मागे येऊन सुरुवात करा. इंग्रजी चांगलं असलं तरी सबटायटल चालू ठेवा. एका घराण्याचा म्हातारा मेजर टेरिल आणि मके यांचं बोलणं कळतं, पण दुसऱ्या घराण्याचा म्हातारा रूफस हॅनसी आणि त्याच्या पोरांची रांगडी बोली पहिल्या फेरीत कानाला लागत नाही, आणि चित्रपटातली सगळ्यात चांगली वाक्यं रूफसच्याच तोंडी आहेत.

पायरी ३: पाच मिनिटांचा नकाशा

एक कागद घ्या. मधोमध नदीची रेघ ओढून तिच्याभोवती एक गोल काढा. हे ‘बिग मडी’. एका बाजूला मोठा चौकोन: टेरिल घराण्याचं ‘लॅडर’ रँच. दुसऱ्या बाजूला खडकांची अरुंद वाट काढून तिच्या टोकाशी चार खोपटी: हॅनसींचं ‘ब्लँको कॅन्यन’, म्हणजे पांढरी खिंड. या सगळ्यापासून थोडं बाजूला एक ठिपका: सॅन राफेल गाव. संपूर्ण कथा या चार ठिकाणांत घडते. त्यातला कोण कुठून कुठे चालला आहे हे डोक्यात राहिलं की अर्धा गोंधळ मिटतो.

आता माणसं. लॅडरचा मालक मेजर हेन्री टेरिल (चार्ल्स बिकफर्ड), त्याची एकुलती एक मुलगी पॅट्रिशिया (कॅरल बेकर) आणि लहानपणापासून त्याच्या हाताखाली वाढलेला मुकादम स्टीव्ह लीच (चार्ल्टन हेस्टन). खिंडीत रूफस हॅनसी (बर्ल आइव्ह्ज) आणि त्याची मुलं, त्यात थोरला बक (चक कॉनर्स). मधल्या बिग मडीची वारस ज्यूली मॅरॅगॉन (जीन सिमन्स). ती गावात शाळा चालवते आणि आजोबांकडून आलेली ही जमीन दोघांनाही पाणी मिळावं म्हणून राखून आहे. जिम मके (पेक) हा पूर्वेकडचा जहाजाचा कप्तान. पॅट्रिशियाशी लग्न ठरलं म्हणून या मुलखात पहिल्यांदाच आलेला.

पाण्याचा हिशेब आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, तरी आकडा डोळ्यांसमोर असू द्या. कडक उन्हाळ्यात मोठं जनावर दिवसाला ६० लिटरच्या आसपास पाणी पितं. हजार गुरं म्हणजे रोजचे ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, आणि तिथे टँकर नाही. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत माणशी १६० एकर जमीन मिळू शकत होती. कोरड्या मुलखात गुरांसाठी १६० एकर म्हणजे काहीच नाही. पण ते १६० एकर झऱ्यावर किंवा नदीकाठी असले तर आजूबाजूचं हजारो एकर मोकळं कुरण आपोआप तुमच्या मुठीत येतं, कारण पाण्याविना ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं नसतं. म्हणून मेजरला बिग मडी विकत हवी आहे. त्याच्या गुरांना पाणी कमी पडतंय असं नाही, हॅनसींच्या गुरांचं पाणी तोडायचंय. पाळीच्या पाण्यावरून डोकी फुटलेली ज्याने पाहिली आहेत त्याला हा फरक लगेच कळेल.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. घराण्यांच्या वैराचा अमेरिकी चित्रपट म्हटला की हॅटफिल्ड आणि मकॉय ही नावं निघतात. ते वैर वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी यांच्या सीमेवरचं, टग फोर्क नदीच्या दोन काठांवरचं, म्हणजे पूर्वेकडच्या डोंगरांतलं. गुरांच्या मुलखातलं गाजलेलं वैर म्हणजे १८८० च्या दशकात ॲरिझोनाच्या प्लेझंट व्हॅलीत ग्रॅहम आणि ट्यूक्सबरी घराण्यांनी एकमेकांचा केलेला संहार. ‘द बिग कंट्री’ यातल्या कशावरही बेतलेला नाही. तो डोनाल्ड हॅमिल्टनच्या कादंबरीवरचा आहे.

पायरी ४: श्रेयनामावली आणि पहिला अर्धा तास

श्रेयनामावली पळवू नका. ती सॉल बॅसने केली आहे. घोडागाडीच्या चाकांचे आरे, घोड्यांच्या टापा, उडणारी धूळ हे अगदी जवळून, आणि मग तीच गाडी अफाट माळावर किड्यासारखी सरपटताना. अगदी जवळ आणि अतिशय दूर, मधलं फारसं काही नाही. कॅमेरामन फ्रान्झ प्लॅनर पुढचे पावणेतीन तास हाच खेळ खेळणार आहे, त्याची ही रंगीत तालीम. तंतुवाद्यांची ती गरगरती धून आणि चाकांची गती एकमेकांत कशी बसली आहे ते ऐका. या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं.

मके गाडीतून उतरतो तो गोल, कडक, शहरी हॅट घालून. या हॅटवर लक्ष ठेवा. गावातले लोक आधी हॅट बघतात, मग माणूस. पॅट्रिशियाबरोबर रँचकडे निघाल्यावर बक आणि त्याचे भाऊ दारूच्या धुंदीत गाडी अडवतात, मकेला दोर टाकून पकडतात, हॅटशी खेळतात. मके प्रतिकार करत नाही. ती मुलं निघून जातात, तो हॅट उचलतो आणि हसण्यावारी नेतो.

नवखा प्रेक्षक इथे मकेचा चेहरा बघत बसतो. तुम्ही पॅट्रिशियाकडे बघा. तिला भीती वाटलेली नाही, लाज वाटली आहे. आपल्या माणसाने आपल्यासमोर हे सहन केलं, याची लाज. मुलखाचे दंडक तिच्या त्या चेहऱ्यात आहेत. पेकचा अभिनय या प्रसंगात इतका शांत आहे की तो काहीच करत नाही असं वाटावं, आणि वायलरला तेच हवं होतं. एकेका दृश्याचे टेकवर टेक घेण्याबद्दल हा दिग्दर्शक प्रसिद्ध होता, त्याच्याकडे असं काही चुकून राहून गेलेलं नसतं.

यानंतर लगेच दोन परीक्षा. लॅडरवर ‘ओल्ड थंडर’ नावाचा घोडा आहे, नव्या पाहुण्याची फजिती करायला ठेवलेला. गडी कुंपणावर रांगेत बसलेत. मके ‘आज नको’ म्हणून टाळतो. नंतर सगळे गेल्यावर रँचवरच्या रामोन नावाच्या एकाच गड्याच्या साक्षीने तो त्या घोड्यावर मांड ठोकायला जातो, पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. घोडा अखेर वळतो तेव्हा मके रामोनकडून वचन घेतो, कुणाला सांगायचं नाही. प्रसंग विनोदी आहे आणि जरा लांबलेलाही, पण पळवू नका. रामोन झालेला अल्फान्सो बेदोया यात बहार आणतो. चित्रपट लागण्याआधीच, १९५७ मध्ये तो वारला.

दरम्यान मेजर अपमानाचा बदला घ्यायला निघतो. बक सापडत नाही तर तो खिंडीत बायकापोरांसमोर पाण्याच्या टाकीला गोळ्या घालून भोकं पाडतो. पाणी धारांनी वाहून जातंय, तो क्षण टिपून ठेवा. ज्याच्या घरात पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आहेत तो माणूस दुष्काळी मुलखात पाणी सांडतोय. टेरिल घरंदाज आणि हॅनसी गावगुंड, ही पहिल्या वीस मिनिटांत झालेली समजूत इथे सोडून द्यायची.

पायरी ५: मेजवानीच्या दारात उभा रूफस

जिम आणि पॅट्रिशियाच्या वाङ्‌निश्चयाची मेजवानी. झुंबरं, नाच, रेशमी झगे. रूफस हॅनसी मळक्या कपड्यांत, हातात बंदूक घेऊन आत येतो. संगीत थांबतं, माणसं आपोआप बाजूला होतात आणि मधे एक रिकामी गल्ली तयार होते, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला यजमान.

हा प्रसंग रुंद पडद्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. रूफस बोलतो मेजरशी, पण ऐकवतो दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांना. आपल्या वस्तीत काय झालं, बायकापोरं कशी भेदरली, पाण्याची टाकी कशी फोडली, सगळं. शेवटी बंदूकच मेजरपुढे टाकतो: घे, घाल गोळी. मेजर हलत नाही, कारण चार लोक बघत आहेत. किल्ली इथे उलटी फिरते. लोकांनी बघणं कधी कधी माणसाला वाचवतंही.

हा प्रसंग लागोपाठ दोनदा बघा. एकदा रूफससाठी, एकदा मकेसाठी. दुसऱ्या वेळी दिसेल की आपल्या होणाऱ्या सासऱ्याबद्दलचं मकेचं मत याच खोलीत, एक शब्द न बोलता बदलतं. बर्ल आइव्ह्ज मुळात लोकगीतं गाणारा. इथे तो वाक्य कुठे लांबवतो, कुठे तोडतो याकडे कान द्या. या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं.

पायरी ६: होकायंत्र, मग मारामारी, मग चहा

मके कुणालाही न सांगता नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकटाच माळावर निघतो. समुद्रावर वाट काढणाऱ्या माणसाला माळ म्हणजे दुसरा समुद्रच. लॅडरचे लोक मात्र त्याला हरवलेला समजून शोधत हिंडतात. तो बिग मडीच्या ओसाड घराशी पोचतो, तिथे ज्यूली भेटते आणि तो जमिनीचा व्यवहार करतो. परत येतो तेव्हा ‘मी हरवलो नव्हतो’ या त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. लीच त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणतो. मके तिथे हात उचलत नाही. पॅट्रिशिया पुन्हा शरमते.

त्यानंतरची रात्र म्हणजे चित्रपटाचा गाभा. मके लीचच्या खोलीत जातो, त्याला बाहेर बोलावतो आणि दोघं चांदण्यात, रिकाम्या माळावर मारामारी करतात. आधी आवाजाकडे लक्ष द्या: संगीत नाही. ठोसे, धापा, बुटांखालची माती, एवढंच. मग कॅमेऱ्याकडे. जवळून एक ठोसा दिसतो आणि पुढच्याच क्षणी कॅमेरा इतका लांब जातो की दोन ठिपके एकमेकांवर आदळताना दिसतात. आवाजही तेवढाच बारीक होतो. टाळ्या वाजवायला कुणी नाही, जिंकल्याचं सांगायला कुणी नाही. शेवटी दोघांनाही उभं राहवत नाही तेव्हा मके त्याला विचारतो, यातून आपण काय सिद्ध केलं?

इथे आवाज वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा. खोलीतले दिवे मात्र नक्की बंद करा, रात्रीचं दृश्य उजेडात धुऊन निघतं.

चित्रपटात मध्यंतर नाही, तेव्हा स्वतःच घ्यायचं, आणि ते या मारामारीनंतर. निम्म्याहून जास्त चित्रपट झालेला असतो, आणि लीच हा खलनायक नाही हे नुकतंच कळलेलं असतं. मेजवानीनंतर थांबलात तर पुढचा शोधाशोधीचा भाग लांब वाटतो, कारण तो ताण जमवत नेणारा भाग आहे आणि तोडला की ताण पहिल्यापासून जमवावा लागतो.

पायरी ७: उत्तरार्धात काय बघायचं

आधी एक इशारा. मुलांबरोबर बघणार असाल तर गावातल्या मारहाणीचा प्रसंग आणि खिंडीत बक ज्यूलीवर जबरदस्ती करू पाहतो तो प्रसंग आधी स्वतः बघून घ्या. दोन्हींत रक्त फारसं दिसत नाही, पण बोचतं.

मकेजवळ त्याच्या वडिलांची द्वंद्वाची पिस्तुलं आहेत. वडील अशाच एका द्वंद्वात गेले, म्हणून मुलाला या खेळाची हौस नाही. ही पिस्तुलं चित्रपटात लवकर दाखवली जातात, विसरू नका. पिस्तूल ठासणीचं, एका वेळी एकच बार. दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात, मोजून पावलं टाकतात, वळतात आणि इशारा झाल्यावर बार काढतात. कुणी इशाऱ्याआधी बार काढला तर त्याने जागेवर उभं राहून समोरच्याचा बार झेलायचा. हा शेवटचा नियम लक्षात असला की पुढचा प्रसंग समजतो, नसला तर ‘हा आता पळत का नाही?’ असं वाटून सगळा ताण फुकट जातो.

खिंडीच्या तोंडाशी मेजर आणि त्याची माणसं थांबतात, तिथे तुम्हीही सावरून बसा. लीच पहिल्यांदाच नाही म्हणतो. मेजर एकटा आत शिरतो. पांढऱ्या भिंती, मधे चिंचोळी वाट, घोड्यावरचा ताठ म्हातारा. मग मागून एक घोडा येतो, मग आणखी. कुणी बोलत नाही, सगळं मोरॉसचं संगीत सांगतं. हेस्टन तिथे मेजरकडे बघतो ती नजर चुकवू नका. पटलेलं नाही, तरी सोडवत नाही, हे त्याने एकही वाक्य न बोलता दाखवलं आहे. दोनच वर्षांपूर्वी ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये मोझेस झालेला हा नट इथे श्रेयनामावलीत चौथ्या क्रमांकावर आहे, आणि पुढच्याच वर्षी वायलरच्याच ‘बेन-हर’मध्ये तो नायक झाला. खिंडीचं चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, रेड रॉक कॅन्यनमध्ये झालं.

यापुढचं तुम्हीच बघा. फक्त कॅमेरा कुठवर वर जातो ते बघा, आणि तेवढ्या उंचीवरून कोण केवढं दिसतं तेही.

कुठे अडतं

‘गोळीबार कुठाय?’ ही नेहमीची तक्रार. इटालियन वेस्टर्न किंवा ‘शोले’ बघून आलेल्या डोळ्यांना मिचमिचे डोळे, बोटांचे क्लोज-अप आणि मग धाड, अशी सवय असते. इथे हत्यार निघालं की काहीतरी चुकलंय असं समजायचं.

दुसरी अडचण नायकाची. मके फारच शहाणा वाटतो, आणि ही तक्रार अगदीच खोटी नाही. पेकच्या वाट्याला डगमगण्याचे क्षण फार कमी आले आहेत. म्हणून माणूस बदलताना बघायचा असेल तर मके सोडून लीचकडे बघत राहा.

पॅट्रिशियाला ‘लाडावलेली’ म्हणून बाजूला सारणं ही तिसरी चूक. बापाला देव मानणारी मुलगी आपल्या माणसात बापच शोधते आहे. तिचा राग त्या दृष्टीने ऐकला तर तिच्या भांडणात तर्क सापडतो.

कथेच्या तपशिलात अडलात तर सोपा उपाय: पाणी आत्ता कुणाच्या हातात आहे, एवढं विचारा. आधी ज्यूलीच्या, मग व्यवहाराने मकेच्या. तो ती जमीन होणाऱ्या बायकोला भेट म्हणून घेतो, पण ज्यूलीला शब्द देतो की हॅनसींचं पाणी तुटणार नाही. तिसऱ्या तासातली सगळी भांडणं या एका शब्दाभोवती आहेत.

मंडळात दाखवायचा असेल तर

२० ते २५ जणांसाठी आठ फूट रुंद पडदा पुरतो. या चित्राची उंची त्यावर ३ फूट ५ इंच भरेल. खालची कड बसलेल्यांच्या डोक्यावर राहील इतकी उंच घ्या, कारण सबटायटल खालच्या कडेलाच असतात. प्रोजेक्टरवर ‘झूम टू फिट’ कुणी लावलेलं नाही ना, हे प्रेक्षक यायच्या आधी बघून ठेवा. खोली पूर्ण काळोखी हवी. दुपारचा खेळ ठेवलात तर रात्रीच्या मारामारीत पांढरा पडदाच बघावा लागेल. सार्वजनिक खेळासाठी हक्कदाराची परवानगी लागते, घरी बघण्याच्या डिस्कवर ती मिळत नाही. संध्याकाळी ६ ला सुरू केलं आणि १५ मिनिटांचं मध्यंतर घेतलं तर नऊ-सव्वानऊला खुर्च्या उचलता येतात. आधी भाषण ठेवू नका. पायरी ३ मधला नकाशा फळ्यावर काढून ठेवा, बस.

दुसऱ्या फेरीत पूर्ण चित्रपट बघायची गरज नाही. गाडी अडवण्याचा प्रसंग, मेजवानी, मारामारी आणि खिंड, एवढे चार तुकडे आवाज पूर्ण बंद करून बघा. प्रत्येक तुकड्यात चौकटीच्या डाव्या आणि उजव्या कडेला कोण उभं आहे ते त्याच नकाशाच्या कागदावर मागच्या बाजूला लिहा. मारामारीपुढची जागा कोरी राहील.